जालन्याच्या जागी लावलेली माती

चैत्र लागला की आमच्या सोसायटीसमोरच्या दुभाजकात ताम्हण फुलतं. सात-आठ झाडं आहेत. वर्षभर धूर खात उभी असतात आणि कोणाचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही. मग एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना वर पाहावं तर सगळं जांभळं झालेलं असतं. नेमक्या याच दिवसांत चिंचवडच्या घराघरांतून पाठांतराचे आवाज यायला लागतात. माझी मुलगी यंदा चौथीत आहे. डोळे मिटून, पुढेमागे डुलत ती म्हणते, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण. आमच्या वेळी यादी इथे संपायची. आता तिच्यात एक फुलपाखरू वाढलंय आणि चक्क पापलेटही.

मी तिला खिडकीपाशी बोलावलं आणि म्हटलं, "ते बघ तुझं राज्यफूल."

तिने डोळे उघडून पाहिलं. "ते? ते तर आपल्या समोरचं झाड आहे," म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

हे दिवस मला बरे जात नाहीत. ताप नसतो, डोकं दुखत नाही, पण जेवण जात नाही आणि लहानसहान गोष्टींवरून मी घरच्यांवर खेकसते. नवरा म्हणतो, परीक्षा पोरीची आणि ताण हिला. त्याला काय सांगणार? मला या दिवसांत एक आवाज ऐकू येतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा, थोडा घोगरा. तो एकच वाक्य म्हणतो आणि थांबतो, कोणी उत्तर देईल म्हणून.

आम्ही तेव्हा चिखलीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, जालन्याकडच्या एका लहान गावातून आलेले आणि भोसरीत कंपनीला लागलेले. चिखलीत रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याने पत्र्याच्या आठ खोल्या बांधल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. पुढे घरमालकाचं घर, मागे आम्ही भाडेकरू. बीडचे, जळगावचे, सोलापूरचे. संध्याकाळी आठ खोल्यांतून आठ तऱ्हेच्या भाकऱ्यांचा वास यायचा आणि नळावर आठ तऱ्हेच्या मराठीत भांडणं व्हायची. मालकाची धाकटी मुलगी सारिका माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तीन बहिणी आणि एक भाऊ, त्यात ही शेंडेफळ. इंद्रायणीच्या काठाला त्यांचा मळा होता. तिच्या बोटांना कायम कांद्याचा वास असायचा, आणि शाळेत कोणी नाक मुरडलं तर ती ती बोटं मुद्दाम त्याच्या नाकापुढे धरायची. मला ती फार आवडायची.

चौथीचं वर्ष म्हणजे महाराष्ट्राची ओळख. आमच्या बाई कोकणातल्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. महाराजांचा इतिहास शिकवताना त्यांचा आवाज चढायचा. चाकणचा किल्ला किल्लेदाराने किती चिवटपणे लढवला ते त्यांनी असं सांगितलं, की घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. चिन्हांचा धडा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हरियाल कोणी पाहिलाय का?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग सारिकाने हात वर केला.

"बाई, आमच्या मळ्यातल्या उंबरावर येत्यात. हिरवं व्हलं म्हणत्यात आमच्यात. पाय पिवळं असत्यात."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण मायेने. "अगं, ते पोपट असतील. राज्यपक्षी असा कोणाच्याही झाडावर येऊन बसतो का?"

सारिका खाली बसली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोपट मला कळत न्हाई व्हय?" मीही हसले होते. पुढे कितीतरी वर्षांनी एका दिनदर्शिकेवर मी हरियालाचं चित्र पाहिलं. त्याचे पाय पिवळेधमक होते.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, वर्गात महाराष्ट्र उभा करायचा. रंगवलेला नव्हे, मातीचा. वर्गात पंचेचाळीस पोरं, त्यातली मूळ चिखलीची म्हणावी अशी सहा-सात. बाकीचे सगळे कुठून कुठून आलेले. पाडवा झाला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि अर्धा वर्ग गावाला जातो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी फर्मान काढलं. जो गावाला जाईल त्याने काडेपेटीभर माती आणायची. आपल्याच शेतातली आणि आपल्याच हाताने भरलेली. मग ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यावर ती डिंकाने चिकटवायची.

सारिकाने विचारलं, "बाई, पुण्याची मी आणू? मळ्यातली?"

"तुला कशाला त्रास? पुणं तर आपण इथलंच उचलू, अंगणातलं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोरीचं काम वाचवलं.

एका मुलाचे वडील कंपनीच्या पॅकिंग खात्यात होते. त्यांनी मोठ्या खोक्याची फळी आणून दिली. तिच्या मागच्या बाजूला कुठल्या तरी परदेशी भाषेतली अक्षरं होती आणि ही बाजू वर ठेवा असं सांगणारा काळा बाण होता. फळी भिंतीला लावली तेव्हा बाण आडवा आला. त्यावर बाईंनी खडूने महाराष्ट्र काढला आणि आमच्या पेट्या यायला लागल्या. सोलापूरची करडी माती. जळगावची काळी. सावंतवाडीची लाल माती बाईंनी स्वतःच आणली आणि चिकटवताना दोनदा हुंगली. मुंबईचं कोणी नव्हतं, तिथे माती कुठून आणायची म्हणून चमकी लावली. गडचिरोलीचंही कोणी नव्हतं, तिथे जंगल म्हणून लाकडाचा भुसा लावला. पुण्याच्या जागी शिपायाने शाळेच्या पटांगणातला मुरूम उचलून आणला. तो मुरूम कुठल्या तरी खाणीतून ट्रकने आलेला होता. पण पुणं भरलं आणि बाईंनी पुढे बोट नेलं.

"जालना?"

मी उभी राहिले. "आणते बाई. जत्रेला जाणार आहोत."

जत्रेला आम्ही गेलो नाही. अण्णांना रजा मिळाली नाही, वर ओव्हरटाइम लागला. आईने बांधून ठेवलेली पिशवी सोडून कपडे परत खुंटीला लावले. मी दोन दिवस रडले. गावासाठी नव्हे, गाव मला नीट आठवतही नव्हतं. मी रडले त्या फळीवरच्या एका रिकाम्या चौकटीसाठी. सगळ्यांचे जिल्हे भरत चालले होते आणि माझा खडूच्या रेषेत तसाच कोरा होता. बाई रोज येता-जाता म्हणायच्या, "जालना राहिलं बरं का." नऊ वर्षांच्या मुलीला त्याची किती लाज वाटते, हे आज कोणाला सांगून पटणार नाही.

त्या रविवारी मळ्यात कांदाकाढणी होती. घरमालकिणीने आईला हाताखाली बोलावलं होतं, मी मागोमाग गेले. ऊन चढलेलं होतं, कांद्याच्या पातीचे ढीग लागले होते, आणि विहिरीच्या पाटाजवळची माती काळीभोर, भुसभुशीत होती. अण्णा नेहमी म्हणायचे, आपल्याकडची माती काळी. मग ही पण काळीच की. मी परकराच्या खिशातून काडेपेटी काढली आणि भरली. कोणी पाहिलं नाही. तेव्हा माझ्या मनात पाप असं काहीच नव्हतं, उलट एक अवघड गणित सुटल्यासारखं वाटलं. ज्या चुकीने पुढे माणूस आयुष्यभर पोखरला जातो ती करताना ती इतकी सोपी, इतकी शहाणपणाची का वाटते, कोण जाणे.

सोमवारी, काकांनी जत्रेहून आणली असं बाईंना सांगून, मी ती माती चिकटवली. डिंक ओला होता, काळा चौकोन छान उठून दिसत होता. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सारिका बघायला पुढे आली, फळीला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि तिथेच थांबली. नखाने तिने मातीतलं काहीतरी टिपलं. तांदळाच्या कणीएवढा पांढरा शंख होता. पावसाळ्यात इंद्रायणीचं पाणी त्यांच्या मळ्यात शिरायचं आणि ओसरताना हे शंख मागे ठेवून जायचं.

"बाई," ती म्हणाली, "ही आमची माती हाय."

तोच हा आवाज.

"तुमची कशी? ज्योतीच्या काकांनी गावाहून आणली आहे."

"न्हाई बाई. आमच्या मळ्यातली हाय. हिरीजवळची. ह्यो शंख बघा. आन कांद्याचं टरफाल बी हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्या मनात त्या क्षणी फक्त खोली होती. आईचं रोजचं पालुपद होतं, मालकांच्या पोरांशी भांडू नको, उद्या खोली सोडा म्हणाले तर कुठे जायचं? मी मालकाच्या मळ्यातून न विचारता काहीतरी उचललं होतं आणि मालकाचीच मुलगी ते सगळ्यांसमोर सांगत होती. मी तोंड उघडलं असतं तर आम्ही रस्त्यावर आलो असतो, असं मला खरंच वाटलं. मी रडायला लागले.

आणि बाई माझ्या रडण्यावर फसल्या. त्यांना दिसली ती भाडेकरूची गरीब मुलगी आणि तिला दाबणारी घरमालकाची मुलगी. बाई वाईट नव्हत्या. चांगल्या होत्या म्हणूनच चिडल्या.

"सारिका, घरमालकाची म्हणून सगळ्यावर हक्क सांगायचा का? माती कधी ओळखू येते का कोणाला? धर कान. म्हण, माझं चुकलं."

सारिका फळीपुढेच उभी होती. कान धरले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्या काळ्या चौकोनाकडेच बघत राहिली. "माझं चुकलं," म्हणाली. बाहेर कोणाची तरी कवायत चालू होती, एक-दोन, एक-दोन. ती बाकावर येऊन बसली. ती चिडायची मी वाट बघत होते, चिमटा काढेल, शिवी देईल. तिने काही केलं नाही. आपल्या बोटांकडे बघत राहिली आणि मग ती बोटं फ्रॉकला पुसली.

एक मे आला. निकालाचा दिवस, झेंड्याचा दिवस आणि कामगार दिन म्हणून कंपन्यांना सुट्टी. त्यामुळे त्या दिवशी शाळेत आया कमी आणि बापच जास्त. इस्त्रीचे शर्ट घालून, हात मागे बांधून फळीपुढे रांग लावून उभे. प्रत्येक जण आपला जिल्हा शोधायचा. एक काका लातूरपुढे इतका वेळ थांबले की मागच्याने त्यांना हळूच हलवलं. सारिकाचे वडील पुण्यापुढे उभे राहिले, मुरमाचे खडे पाहिले आणि पुढे सरकले. मग अण्णा आले. त्यांनी जालन्यावर बोट टेकवलं, चिमूटभर माती सुटून हाताला आली, ती अंगठ्याने चुरली. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, त्यांनी ओळखलं.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "कुठून आणलीस बाय?"

"मळ्यातून. विहिरीजवळून."

ते चालता चालता अंगठा बोटांवर घासत राहिले. "आपल्याकडची माती बोटाला लागली की सुटत न्हाई," म्हणाले. "धुतली तरी नखात ऱ्हाते. ही लगेच सुटली."

"अण्णा, सारिकाला बाईंनी कान धरायला लावले."

ते थांबले. मला वाटलं, आता मला परत शाळेत नेतील. मला ते हवं होतं, हे मला आज पक्कं माहीत आहे. माझी पावलं वळलीही होती. पण अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात धरून पुन्हा चालायला लागले. "आता ऱ्हाऊ दे," म्हणाले. "मालकाच्या कानावर गेलं तर खोली सोडावी लागंल." त्यांच्या आयुष्यात मी ऐकलेलं हे एकच वाक्य, जे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही कासारवाडीला राहायला गेलो, स्टेशनजवळ, पक्क्या खोलीत. सारिकाचा निरोप घेतला तो आठ खोल्यांच्या नळावर. ती हंडा भरत होती. "जातीस व्हय?" म्हणाली. मी म्हटलं, हो. एवढंच.

लोक म्हणतात, लहानपणीचं कोण लक्षात ठेवतं? मी ठेवलं. म्हणजे ठेवलं नाही, ते राहिलं. मी आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं कामच असं की प्रत्येक नगावर त्याचं मूळ लिहिलेलं आहे का ते बघायचं. कोणत्या लॉटचा, कोणत्या मशीनवरचा, कोणी तपासला. एका क्रेटचं लेबल दुसऱ्या क्रेटला लागलेलं सापडलं तर मी अख्खी लाईन थांबवते. पोरं मागे म्हणतात, "राव, ह्या मॅडमना लेबलाचं वेड आहे." म्हणू देत. एकदा एका नव्या ऑपरेटरने घाबरून दुसऱ्याची चूक आपल्यावर घेतली, तेव्हा मी त्याला इतकं बोलले की नंतर मलाच स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुवावं लागलं.

कंपनीची बस चिखलीवरून जाते. इतकी वर्षं मी तिच्यात चढले की मळा ज्या बाजूला होता त्याच्या उलट्या बाजूची खिडकी धरते. तरी कळतंच. कांद्याच्या जागी आधी प्लॉट पडले, मग पत्र्याच्या शेड, लेथ, पावडर कोटिंगचा तो उग्र वास. विहीर कधी बुजवली ते मला ठाऊक नाही. पण तो पट्टा आला की बसमधल्या गप्पा मला ऐकू येईनाशा होतात. एखाद्या फॉर्मवर मूळ गाव असा रकाना आला की मी जालना लिहिते आणि पेन क्षणभर उचलत नाही. माझ्या गावाची मी ओळखत असलेली माती फक्त ती एक चौकोनभर, आणि तीही माझ्या गावची नव्हे.

यंदा मुलीच्या वहीत गृहपाठ आला. आपल्या जिल्ह्यातली माती कशी आहे ते लिहा. ती माझ्यापुढे वही घेऊन बसली. "आई, आपली माती कुठली? जालन्याची लिहू की इथली?"

मी तिची वही मिटली. "उद्या सांगते," म्हटलं. अण्णा असते तर त्यांना विचारलं असतं, पण त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारात, मी त्यांची नखं कापत असताना, ते आपणहून म्हणाले होते, "त्या पोरीचं ऱ्हाऊन गेलं बघ." कोणत्या पोरीचं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

चिखलीच्या रस्त्यावर यात्रेचे फ्लेक्स लागले होते. समस्त ग्रामस्थांच्या तीसेक फोटोंत सारिकाचा भाऊही होता, गॉगल लावून. यात्रा म्हणजे माहेरवाशिणी आलेल्या असणार. रविवारी मी कोणाला न सांगता निघाले. आठ खोल्यांच्या जागी तीन मजली इमारत होती, खाली दुकानं. दारात ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. मी तिला हातांवरून ओळखलं.

"कोन?" तिने विचारलं.

"मी ज्योती. मागच्या खोलीत राहायचो आम्ही."

"अगं बया. जालन्याची जोती?" ती उठलीच. "ये की, बस. पार बदललीस."

तिने चहा केला. नवरा आळंदीकडचा, दोन मुलं, मोठी दहावीत, असं सगळं सांगितलं. मी वाक्य जुळवत होते आणि ते तोंडातच फिरत होतं. तेवढ्यात तीच हसायला लागली.

"तुला आठवतंय का, मी तुझ्यासंगं कसली भांडले व्हते? मातीवरनं. तू बिचारीनं एवढ्या लांबनं मागवलेली, आन मी म्हनते माझी. मालकाची पोर म्हनून माजले व्हते बघ. मनाला लावून घेतलं न्हाईस न्हवं?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ती माझी माफी मागत होती. पंचवीस वर्षं मी समजत होते की तिने मला माफ केलं नसेल. तिने स्वतःलाच चुकीचं ठरवून टाकलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मळा कधी विकला?"

"झाली की बारा-तेरा वर्सं. दादानं आमा तिघी बहिनींच्या हक्कसोडावर सह्या घेतल्या. हितं तीच रीत हाय, भनी सही करत्यात आन भाऊ साडी घेतो." तिने लसणाची साल फुंकली. "मोठ्या दोघी लई भांडल्या. मी गप केली."

"का गं?"

"आता काय सांगू तुला. वकील म्हनला, ताई, तुमचा काही दावा हाय का? आलं व्हतं तोंडावर. दादा लहानपनापास्नं मळ्यात फिरकायचा न्हाई, पानी मीच धरायची. पर नेमक्या मला बाई दिसल्या. कान धरलेली मी दिसले. म्हनलं, पुन्यांदा कशाला? न्हाई म्हनून टाकलं." ती ओशाळून हसली. "येड्यावानीच हाय. पर तसंच झालं."

"सारिका," मी म्हटलं, "ती माती जालन्याची नव्हती."

तिचे हात थांबले.

"गावाहून काका आलेच नव्हते. कांदाकाढणीच्या दिवशी मी ती तुमच्या विहिरीजवळून भरली. तू बरोबर बोलत होतीस. मी शेजारी उभी होते आणि मला माहीत होतं."

ती पदरातल्या पाकळ्या एकेक करून ताटलीत टाकत राहिली. "तुझ्या बापाला ठाव व्हतं?"

"एक मेला कळलं. त्यांनीही काही सांगितलं नाही."

"हं."

"मला माफ कर."

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. रागाने नाही. पदर झटकून उठली आणि जिन्यात जाऊन वर हाक मारली. "दादा, खाली ये. वैनीला बी आन. आये, तू बी भायेर ये."

मी उभी राहिले. यात्रेची घाई चाललेली, माणसं चिडून यावीत तशी आली. वहिनीच्या हाताला पीठ होतं. भाऊ फोनवर बोलतच जिना उतरत होता. सारिकाची मुलगी आणि आणखी दोन-चार पोरं दाराशी जमली. शेवटी आतून आई आली, भिंत धरत. तिला कमी ऐकू येत होतं, हे तिने मान तिरकी केली त्यावरून कळलं.

"सांग," सारिका मला म्हणाली. "पयल्यापास्नं."

मी सांगायला लागले. काडेपेटी, पाट, फळी. माझा आवाज खाली जात होता.

"मोठ्यानं," सारिका म्हणाली. "वर्गात मी मोठ्यानं म्हनले व्हते."

मी मोठ्याने सांगितलं. भाऊ फोन कानापासून दूर धरून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "चौथीतलं काय काढून बसलाय आज? पावणे यायची येळ झाली."

"चौथीतलंच हाय," सारिका म्हणाली. "ऐक."

मी शेवटपर्यंत गेले. कान धरायला लावले तिथपर्यंत. सारिका ताठ उभी होती. ती रडत नव्हती, मीच रडत होते, आणि या वेळी माझ्या रडण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

आईने सारिकाचा दंड हलवला. "काय म्हनती गं ती?"

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग. माझ्या तोंडून नको."

मी जवळ गेले, म्हातारीच्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हटलं, "मावशी, ती माती सारिकाची होती."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. हे सांगायला एवढी माणसं गोळा का केली, हे तिला कळेना. "मग?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाची असनार?"

भाऊ जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. त्याने फोन बंद केला आणि मान खाली घातली.